जिथं दाबायचं नाही

तानाबाई मडावी हाताशी येईल ती वस्तू अंगठ्यानं दाबून पाहायच्या. बाजारात वांगी-टमाटे सगळेच दाबतात. बाई एसटीच्या सीटची गादी दाबायच्या, नव्या गिलाव्याची भिंत दाबायच्या, हॉटेलात बशीत पाव आला की आधी त्याला चहूबाजूंनी दाबून मग चहात बुडवायच्या. एकदा चंद्रपूरच्या बसस्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईची कापडी पिशवी त्यांनी बाहेरून चाचपली. ती बाई भांडायला उठली. तानाबाई म्हणाल्या, "पोहे हाय नं यात? जाड पोहे." पोहेच होते, आणि जाडच होते. पण भांडण काही त्यामुळं मिटलं नाही.

मला त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मलाही दाबूनच पाहिलं. मी वडशाजवळच्या एका गावची. घरची धानाची शेती. नर्सिंगला नंबर लागला नाही, घरात बसवेना, गावात जीव रमेना. कुठून तरी कळलं की चंद्रपुरात मालिश शिकवणारं एक प्रशिक्षण केंद्र आहे आणि सहा महिन्यांनी हैदराबादला नोकरी लावून देतात. मी आठ दिवस घरात धुसफूस केली आणि शेवटी आले. बाबांनी गावात सांगितलं, पोरगी कंप्युटर शिकायला गेली. मालिश हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढायचा नाही, असंच ठरलं होतं.

केंद्र म्हणजे कापडाच्या दुकानावरचा दुसरा मजला. चार टेबलं, हिरवे पडदे आणि भिंतीवर कातडी सोललेल्या माणसाचं मोठं चित्र. फॉर्म भरून मी उभी होते, तर एक सावळी, हाडकुळी, पन्नाशीची बाई आली. हिरव्या काठाचं लुगडं, केस घट्ट बांधलेले. काही न विचारता तिनं माझा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागावर बोट रोवलं.

"कुठची तू?"

"वडशाकडची."

"घाई हाय तुह्या हाताले," त्या म्हणाल्या. "घाईचा हात दगडावानी लागते अंगाले. सहा महिने पुरतीन का नाई, सांगता नाई येत."

मी खरंच घाईत होते. कशाची घाई, ते मलाही सांगता आलं नसतं. गाव सोडलं होतं आणि पुढचं काही हाती आलं नव्हतं, एवढंच.

आम्ही दहा जणी होतो. पहिले तीन महिने साधं मालिश दुसऱ्या एक मॅडम शिकवायच्या. त्यानंतर खोल मालिश, म्हणजे वरवर चोळणं नव्हे, तर स्नायूच्या आतल्या थरापर्यंत सावकाश उतरायचं. तो भाग तानाबाईंचा. त्या एटापल्ली तालुक्यातल्या एका लहानशा गावच्या. बाळंतिणींना आणि लाकडं तोडून आखडून आलेल्या माणसांना चोळायला त्या सासूकडून शिकल्या. पुढं जंगलभागातल्या एका दवाखान्यात व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंच्या हाताखाली त्यांनी काही वर्षं काम केलं. शरीरशास्त्र तिथंच शिकल्या. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण चित्रातल्या त्या सोललेल्या माणसाच्या अंगावरचा एकेक स्नायू त्या डोळे मिटून दाखवायच्या. नावं मात्र त्यांची स्वतःची असायची. खांद्यावरच्या मोठ्या स्नायूला, म्हणजे ट्रॅपेझियसला, त्या 'टापेजी' म्हणायच्या, मांडीमागच्या तिघांना 'तीन भाऊ' आणि कमरेच्या खोलवरल्या एका स्नायूला 'घुम्या', कारण तो स्वतः बोलत नाही, दुसऱ्याच जागेला दुखवतो.

त्यांच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला माणसाला हातच लावू दिला नाही. साडीच्या घडीखाली धानाचा एक दाणा ठेवायच्या आणि तो बोटानं शोधायला सांगायच्या. एक घडी, मग दोन, मग चार. माझा दाणा दोन घड्यांपुढं कधी सापडेना. मी जोर लावायची. बाई मागून येऊन माझं मनगट उचलायच्या.

"दाबून सापडत नाई. थांबून सापडते. हात ठेव अन् चूप राय."

"किती वेळ, बाई?"

"दाना बोलन तोपर्यंत."

आणि गंमत अशी की दुसऱ्याला 'चूप राय' सांगणारी ही बाई स्वतः एका जागी घटकाभर थांबत नसे. वर्ग चालू असताना टेबलांमधून सारख्या फेऱ्या. खिडकीशी जायच्या, खाली रस्त्यावर बघायच्या, परत यायच्या. दोन्ही अंगठे एकमेकांवर घासत राहायच्या. टेबलावरच्या माणसाला हात लावला की तेवढा वेळ शांत. हात काढला की पुन्हा येरझारा. आम्हाला वाटायचं, जंगलातली बाई, हिला चार भिंतींत कोंडल्यासारखं होत असेल.

त्यांचं शिकवणं मात्र आजही माझ्या हाताला जसंच्या तसं आठवतं. "जोर हाताचा नाई लावाचा. अंगाचं वजन ठेवाचं अन् वाट पाहाची. मांस सोताच दार उघडते." तेल वाटीभर घेतलं की टोकायच्या, "तळाची हाय का कोनाले? तेल जास्त झालं का हात घसरून जाते, आत जात नाई." अंगठ्यानं फार काम केलं की त्या आमचा अंगठा धरून कोपराकडं बोट दाखवायच्या. "अंगठे दहा वरसात मरतीन. कोपर वापर, हाताचं हाड वापर. अंगठा पाहाले ठेव, कामाले नोको." दुखण्याबद्दल त्यांचं म्हणणं असं, "दुखनं दोन परकारचं रायते. एक म्हणते, हो, तिथीच. एक म्हणते, नोको. चेहऱ्याकडे पाय. तोंडानं लोकं खोटं बोलते, भिवया नाई बोलत."

पण या सगळ्याआधी, रोज सकाळी, प्रत्येक टेबलाशी एकच प्रश्न असायचा. "पोटऱ्या पाह्यल्या का?"

नियम असा होता की टेबलावर कुणीही येवो, आपलीच मैत्रीण का असेना, आधी तिच्या दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. एक सुजलेली आहे का, एक गरम लागते का, रंग वेगळा आहे का, विनाकारण दुखते का. तसं असलं तर त्या पायाला हात लावायचा नाही, दवाखान्यात पाठवायचं. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ धरलेली असू शकते, दाबलं तर ती सुटून वर छातीत जाऊ शकते, एवढं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मानेची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी, अशा दाबायच्या नसलेल्या जागाही सांगितल्या होत्या. त्या जागांबद्दल त्या एकदा-दोनदाच बोलल्या. पोटऱ्यांबद्दल रोज, आणि एकाच टेबलाशी तीन तीनदा. आम्ही कंटाळलो. सकाळी चहाच्या वेळी आम्ही एकमेकींना त्यांच्या आवाजात विचारायचो, "काऊन वं, पोटऱ्या पाह्यल्या का?" आणि हसून लोळायचो. नक्कल सगळ्यांत चांगली मी करायची.

पाचव्या महिन्यात सरावाचा आठवडा आला. बाहेरच्या बायका यायच्या आणि आम्ही त्यांना बाईंच्या देखरेखीखाली मालिश करायचो. केंद्र चालवणारे ढोके सर त्या आठवड्यात पांढरा शर्ट घालून जिन्यापाशी उभे असायचे. माणूस वाईट नव्हता. पण संस्थेची समिती केंद्र बंद करू म्हणत होती आणि आलेल्या बायकांची नावं ते दिवसातून तीनदा मोजायचे. बुधवारी त्यांनी स्वतः एका बाईंना हात धरून वर आणलं. पिंपळकर बाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, संस्थेच्या समितीवर असलेल्या. आवाज असा की आम्ही दहाही जणी आपोआप सरळ उभ्या राहिलो.

"मुलाकडे बंगळुरूला गेले होते," त्या टेबलावर चढता चढता म्हणाल्या. "दीड दिवस गाडीत बसून आले. पाय नुसता आखडलाय. चांगला दाबून द्या मुलींनो, हळूहळू कुरवाळत बसू नका."

ढोके सरांनी माझ्याकडे बोट केलं. "ही करेल. हिचा हात चांगला आहे."

इतक्या दिवसांत मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. तानाबाई तेव्हा शेवटच्या टेबलाशी होत्या. मी टॉवेल सरळ केला, हाताला तेल लावलं आणि पिंपळकर बाई ज्या पायाला 'हाच' म्हणाल्या, त्या डाव्या पायाच्या पोटरीवर हात ठेवला. दुसरा पाय टॉवेलखाली झाकलेलाच होता. पोटरी टणक लागली. मी मनात म्हटलं, आखडलीच आहे. आणि हाताचं हाड टेकवून वजन टाकायला सुरुवात केली.

माझं मनगट मागून इतक्या जोरात ओढलं गेलं की तेलाची वाटी खाली पडली.

"काढ हात! काढ!" तानाबाई ओरडल्या. त्यांना त्याआधी मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्यांनी टॉवेल बाजूला केला. दोन्ही पाय शेजारी आले आणि मला दिसलं. डावी पोटरी उजवीच्या सव्वापट होती. कातडी ताणून चमकत होती.

बाईंनी तळहात उलटा करून त्या पायाला नुसता टेकवला. "गरम हाय. बाई, तुमच्या या पायाले इथी कोनी हात नाई लावनार. तुमी आत्ताच दवाखान्यात जा. चालत नोको, ऑटोनं जा."

पिंपळकर बाई उठून बसल्या. "हे काय आहे? मी मालिशला आले आहे, तपासायला नाही. प्रवासानं पाय सुजतात. माझे नेहमीच सुजतात."

"दोन्ही सुजते का एक?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाई, डॉक्टर नाई मी. म्हणून तं म्हणून राह्यली, डॉक्टरकडे जा."

ढोके सर धावत आले. त्यांनी आधी पिंपळकर बाईंची माफी मागितली आणि मग सगळ्यांसमोर तानाबाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही चौथी शिकलेल्या. लोकांना घाबरवू नका. एवढं असेल तर पाय सोडून पाठ करू द्या."

"आधी पाय दाखवून येऊ द्या सर. मंग पाठ करू, डोस्कं करू, सारं करू."

पिंपळकर बाई चपला घालून लंगडत निघून गेल्या. जिन्यात त्या सरांना काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण सर परत वर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. तानाबाई खाली बसून तेल पुसत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला वाटलं, आता विचारतील, पोटऱ्या पाह्यल्या का? त्यांनी तेवढंच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि पहिली गोष्ट म्हणजे ढोके सरांना विचारलं, "गेल्या का त्या दवाखान्यात?" सर म्हणाले, मला माहीत नाही, तुम्ही शिकवा. त्यांनी शिकवलं, पण कसं! एक वाक्य बोलायच्या आणि खिडकीशी जायच्या. तास संपायच्या आधीच माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "निर्मले, चप्पल घाल. तिचं घर शोधाचं हाय."

पत्ता रजिस्टरात होता. तुकूम भागात जायला ऑटो केला. ऑटोत त्या पुढं सरकून बसल्या होत्या, जणू त्यानं तो लवकर पोचणार होता. सिग्नलला थांबला की सीटची दांडी दाबायच्या. मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. मी पाय पाहिला नाही."

"हो," त्या म्हणाल्या.

मग रस्त्याकडे बघत, कुणाला तरी निरोप सांगावा तशा त्या बोलायला लागल्या.

"माह्या नवऱ्याच्या पायावर लाकूड पडलं होतं. दीड महिना पाय पिलास्टरात. पिलास्टर काढून घरी आनला तं पोटरी अशी फुगून. तो म्हणे, ताने, आखडला पाय, चोळून दे. मी मोहाच्या टोळीचं तेल कोमट केलं. दोन घंटे चोळलं, निर्मले. मले जेवढं येत होतं तेवढं सारं केलं. तो म्हणे, हलकं वाटून राह्यलं. उठला, अंगनात गेला, अन् म्हणते, दम लागून राह्यला. खांबाले टेकून बसला. संपला."

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. बाई बोलत राहिल्या.

"कोनी मले काई म्हटलं नाई. मले बी काई समजलं नाई. नशीब म्हटलं. सहा वरसानं दवाखान्यात डॉक्टरबाईचा वर्ग होता. त्याइनं पायाचं चित्र काढलं, त्यात शीर, शिरेत गाठ. मंग बान काढला, असा वर, छातीपर्यंत. बाकीच्या पोरी लिवून राह्यल्या होत्या. मी त्या बानाकडे पाहून राह्यली होती."

"तुम्ही विचारलं का डॉक्टरांना?"

"विचारलं. त्या म्हणे, तानाबाई, तुमी नसतं चोळलं तरी झालं असतं कदाचित." त्यांनी दांडी सोडली, पुन्हा धरली. "कदाचित म्हणे. त्या कदाचितवर मी अजून चालून राह्यली."

माझे हात मांडीवर होते आणि ते कुठं ठेवावेत ते कळेना.

पिंपळकर बाई घरी होत्या. पाय स्टुलावर, त्यावर गरम पाण्याची पिशवी. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. तानाबाई उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. "मी आत येत नाई. भांडाले नाई आली. तुमी दवाखान्यात जाईपर्यंत इथी उभी रायते म्हटलं, अजून काई नाई." आणि खरंच उभ्या राहिल्या. पिंपळकर बाईंनी दार लावून घेतलं. अर्धा तास गेला, तास गेला, दीड तास होत आला. शेजारच्या घरातून लोक डोकावायला लागले. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई फाटकापासून पायरीपर्यंत फेऱ्या घालत होत्या. शेवटी दार उघडलं आणि पिंपळकर बाई त्यांच्या यजमानांना म्हणाल्या, "चला हो. या बाईपासून सुटका तरी होईल."

त्या दवाखान्यात गेल्या. सोनोग्राफी झाली. गाठ निघाली नाही. गुडघ्यामागं पाणी साठलेली एक पिशवी असते म्हणे, ती फुटून पोटरीत पाणी उतरलं होतं. गोळ्या, आराम, आठ दिवसांत बरं. जिवाला काही धोका नव्हता.

ही बातमी ढोके सरांनी भर वर्गात सांगितली. त्यांच्या हातात रिपोर्टची झेरॉक्स होती. "काही नव्हतं बाई! काहीही नव्हतं! तुम्ही समितीच्या बाईंच्या दारात उभं राहून तमाशा केला, आणि साधं पाणी निघालं."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. हात काढले तर त्या हसत होत्या. सगळे दात दिसत होते.

"चुकली मी?" त्या म्हणाल्या. "खरंच चुकली? बरं झालं बापा! लय बरं झालं."

सरांना ते उर्मटपणाचं वाटलं. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि झालेला प्रकार लिहून मागितला. समितीला द्यायचा होता. मला त्यांनी धमकी वगैरे दिली नाही. फक्त म्हणाले, "तुझा हैदराबादच्या नोकरीचा कागद पुढच्या आठवड्यात पाठवायचा आहे. जे झालं तेच लिही." मी जे झालं तेच लिहिलं. तानाबाई ओरडल्या, लिहिलं. माझा हात ओढला, वाटी पडली, लिहिलं. मला वर्गातून उठवून ग्राहकाच्या घरी नेलं, तिथं दीड तास उभ्या राहिल्या, लिहिलं. एकही शब्द खोटा नव्हता. मी पोटऱ्या पाहिल्या नव्हत्या, हे लिहिलं नाही. ऑटोतलं लिहिलं नाही. खाली सही केली.

पुढच्या बॅचला तानाबाई नव्हत्या. जाताना त्यांनी टेबलांचे पाय एकेक करून हलवून पाहिले, एकाचा स्क्रू घट्ट केला आणि आम्हाला म्हणाल्या, "चला, जाते." मी डोकं वर केलं नाही.

हैदराबादला मी चार वर्षं काढली. थंड हवेच्या, मंद दिव्यांच्या खोल्या, दिवसाला सहा-सात माणसं. हाताची घाई कधी गेली ते कळलं नाही, जिवाची मात्र गेली नाही. पाय समोर आला की मी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवायची. तीन वेळा नाही म्हणाले. तिघीही रागावून गेल्या, मॅनेजरनं माझ्या नावानं शिमगा केला. त्यांचं पुढं काय झालं ते मला कळायला मार्ग नव्हता. सुटीच्या दिवशी मी खोलीत बसू शकत नसे. उगाच शहरभर बसनं फिरायची. मग नागपूरला एका केंद्रात शिकवायची जागा मिळाली आणि मी परत आले. शिकवायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वर्गात फेऱ्या मारते आहे, हे माझ्या लक्षात आलं. त्या रविवारी एटापल्लीची गाडी पकडली.

आलापल्लीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सागवान दाट होत गेलं. मी सगळी वाट बोलायची वाक्यं जुळवत होते. गावात पोचले तर बाईंच्या अंगणात खाटेवर एक म्हातारी पालथी झोपली होती आणि चार बायका भोवती उभ्या. बाई एकीचा कोपर धरून गोंडीत काही सांगत होत्या. अंगानं अजून सुकल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आली का? हात धू. ही लय जोर लावून राह्यली, हिले दाखव जरा."

मी दाखवलं. मग चहा झाला, माझ्या नागपूरच्या नोकरीचं बोलणं झालं. बायका गेल्या. मी म्हटलं, "बाई, समितीला तो कागद मी लिहून दिला होता."

"माहीत हाय. सरांनं वाचून दाखवला. तुयं अक्षर चांगलं हाय."

"त्यात मी..."

"खोटं काई नव्हतं त्यात. मी ओरडलीच होती."

"पण मी पोटऱ्या पाहिल्या नव्हत्या, ते लिहिलं नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "ते नाई लिवलं."

मला वाटलं होतं, आता त्या 'जाऊ दे' म्हणतील. त्यांनी तसं म्हटलं नाही. उठल्या, अंगणात कोपऱ्यापर्यंत गेल्या, परत आल्या. मला रडू येत होतं आणि त्या काही केल्या माझी सुटका करत नव्हत्या.

"शिकवते म्हणे तू आता. पोरींले सांगते का, पोटऱ्या पाहा म्हणून?"

"रोज सांगते."

"अन् त्या हासते का नाई तुह्यावर?"

मी मान हलवली. हसतात. माझ्या पाठीमागं माझी नक्कल करतात, ती मी दाराआडून ऐकली आहे.

"मी बी नुसतं सांगत राह्यली. पाहा पाहा पाहा." त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "नवऱ्याचं कोनालेच नाई सांगतलं. लाज वाटे. त्या पहिल्या दिवशीच वर्गात सांगतलं असतं नं, तं तू त्या बाईचा पाय पाह्यला असता. हे मले पाच वरसानं समजलं. तू कागदात नाई लिवलं, मी वर्गात नाई सांगतलं. दोघीबी सारख्याच."

त्या मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात आत घालून माझा खांदा एकदा घट्ट धरला आणि सोडला. ती शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, गडचिरोलीला हलवेपर्यंत उशीर झाला. मला कळलं तेव्हा तेरा दिवस होऊन गेले होते.

आता नव्या वर्गात पहिल्या दिवशी, तेलाची बाटली उघडायच्या आधी, मी पिंपळकर बाईंचा पाय सांगते. मी न पाहता हात ठेवला, ते सांगते. कागदात काय लिहिलं आणि काय गाळलं, ते सांगते. मग तानाबाईंच्या नवऱ्याचं सांगते. ते सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतलेली नाही, पण त्यांनी दिली असती असं मला वाटतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा आवाज फाटला आणि मागच्या रांगेतल्या दोन मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.